चार बोटं

आधी पुठ्ठ्याचा केला.
नूडल्सच्या खोक्यांवर बापाने खडूने रेघा ओढल्या,
उआझच्या ढुंगणाला चिकटपट्टीने लावला,
मागे सरून, मान वाकडी करून म्हणाला :
जड दिसतोय.

मग नारिनच्या भंगारातला पाण्याचा पाइप,
सहा मिलिमीटरची पट्टी,
आणि धरायला मी.
बघू नकोस, म्हणायचा. मी बघायचोच.
रात्रभर डोळ्यांत वाळू,
पापण्यांवर बुरुल्चा आत्याने ठेवलेल्या
बटाट्याच्या गार चकत्या.

खिंडीच्या उतारावर शेपूट घासू नये
म्हणून बंपर उंच हवा,
एवढं आमच्या गल्लीत शेंबड्या पोरालाही कळतं.
आत्याचा खुबा तेवढा कुणी मोजला नव्हता.
मागच्या दाराशी आली,
पाय उचलून पाहिला,
खाली ठेवला.
चहा गार होतोय, म्हणाली.

सकाळी ग्राइंडरच्या आवाजाने उठलो.
बाप कालचे टाके कापत होता.
चार बोटं खाली आणला सगळा सांगाडा.
घासेल, मी म्हणालो.
घासू दे. लोखंडच आहे.

जूनमध्ये कुरणांकडे निघालो.
नमदे, चूल, दोन कोकरं, आत्या.
प्रत्येक ओढ्यात तो दगडाला लागतो,
खर्रर्र,
आणि मागून आत्या ओरडते :
काय पडलं रे?