गाठ मारणारा

समुद्र इथून चोर्ला घाटाच्या पलीकडं.
बेळगावात तो मी पाकिटातल्या मिठापासून बनवते,
लिटरला पस्तीस ग्रॅम, मोजून,
आणि त्यात वाढवते प्रवाळाच्या अंगात राहणारं शेवाळ:
एकेक पेशीचं, कोऱ्या चहाच्या रंगाचं.

उजेड शिजवायची त्याची जनुकं
एका लांब दोरीत ओवलेली नसतात.
सुट्या बारीक कड्या असतात, एका कडीवर एखादंच जनुक,
शहापूरच्या दुकानात काचेच्या बांगड्या
काडीला लटकतात तशा.

त्यातली एकच कडी मी रोज वाचते.
तिच्यावरून जे प्रथिन बनतं ते उन्हात तुटतं.
चांगल्या, सोसणाऱ्या उन्हातही तुटतं.
पेशी तुटका तुकडा काढते, नवा बसवते,
परत तुटतो.

वडगावात बाबा मागावर वाकलेले होते
तेव्हा त्यांना हे सांगितलं.
"मग त्यात काय? धागा तुटतोयच की.
गाठ मारणारा बसलाय तवर कापड हाय."

बत्तीस अंशांवर
तुटणं वाढतं, गाठ मारणारा हात मंदावतो.
कडी पहिल्या दिवशी खणखणीत वाचता येते,
तिसऱ्या दिवशी निम्मी,
सहाव्या दिवशी मी यंत्र पुन्हा तपासते,
यंत्राचं काही चुकलेलं नसतं.
न शिजलेला उजेड पेशीतच नासतो.
मग प्रवाळ त्याला बाहेर काढतं
की तेच आपण होऊन निघतं
यावर माझं आणि गिरिजा हुक्केरीमठचं भांडण आहे.
मागं राहतं ते पांढरं. ती म्हणते, बिळी.
फ्रीजमधल्या अर्ध्या नळ्यांवर तिचं कन्नड,
अर्ध्यांवर माझं मराठी,
मजकूर एकच: किती तास, किती अंश.

एप्रिलात एका रात्री वीज गेली.
तुलनेसाठी गार ठेवलेली टाकी, सव्वीसची,
सकाळी एकतीसवर.
हीटर कुणीच लावला नव्हता.
या गावात मे महिन्यातही रात्री चादर लागायची,
असं सांगणारे अजून आहेत.
"आता तुलना कशाशी करायची ग?" गिरिजा म्हणाली.
मी वहीत आकडा लिहिला. रकाना तोच ठेवला.

घरी आले तर बाबा
दोरीवरच्या रंगवलेल्या लड्या सावलीत ओढत होते.
हल्ली त्यांचा हात कापतो.
मी धाग्याचं एक टोक धरलं,
दुसरं त्यांनी.
गाठ तिसऱ्यांदा बसली.