जठी हात पुरत नाई

दोनशाच्या वर लेकरं ह्या मांड्यांवर पालथी पाडली म्या.
खरा आकडा आतल्या खोलीच्या भिंतीवर होता,
कोयशाच्या रेघा.
मंग सून आली, तिनं रंग मारला.

जवसाचं तेल. तयहातावर घेऊन एक फुंकर.
पहिले तयपाय, मंग पोटऱ्या, मंग टायू.
बायतिनीची कंबर साऱ्यात शेवटी, दार लावून.
ती रडत असन तं रडू द्याचं.

आता माहंच दुखते.
उजव्या फऱ्याच्या खाली, दोन बोटं आत,
जुन्या रुपयाएवढी गाठ.
खालून हात घातला तं वर राह्यते,
वरून घातला तं खाली.
येवढ्या लोकाईच्या पाठी रगडल्या
अन् आपली पाठ म्हंजे परगाव.

आर्वीच्या डाक्टरनं गोया देल्ल्या.
गोयीनं मी झोपे, गाठ जागीच.
सून म्हने, मी चोयून देतो. हात चांगले तिचे,
पन "अथी का? अथी का?" इचारत राह्यते
अन् मले सांगता येत नाई.
दुसऱ्याचं दुखनं बोटाले समजे,
आपलं सांगाले शब्दच नाई शिकली मी.

एक दिवस म्हैस पाह्यली,
बाभयीच्या खोडाले मान घासत होती, डोये अर्धे मिटून.
कोनाले इचारलं नाई तिनं.
तशीच उठून उकंडा वाढयाकडं गेली.

"काय पाह्यजे? लाटनं?"
नाई.
"रवी? मुसय?"
नाई रे बावा, कागद दे.
कागदावर जमलं नाई. मंग मूठच मिटून धरली त्याच्यापुढं.
अशी पेरं पाह्यजे. चार. हे अंगठ्याचं जरा मोठं.
त्यानं दोरी गुंडायून माप घेतलं
जसं पोरीच्या बांगडीचं घेते.
"कोनासाठी?"
माह्यासाठी.
थो थांबला. कानावरची पेन्सिल काढली, परत ठुली.
पायने केले त्यानं, तिफनी केल्या, तिरड्या बी बांधल्या.
"एकल्या बाईच्या पाठीसाठी," म्हने, "पह्यलंच काम."
पैसे घेतले नाई.
त्याचे तिन्ही पोरं माह्याच मांड्यांवरचे.

सागाचं हाये. हातभर दांडी, पुढं वाकलेली
चिंचेच्या बोटकावानी, टोकाले चार गाठी.
दुपारी सारे वावरात गेले का दार लोटाचं,
पाठ भिंतीले, लाकूड मंधात,
गुडघे वाकवून खाली, मंग वर.
पहिल्या दिवशी जोर जास्त झाला, जांभूय उमटलं.
तवा मलेच हासू आलं:
नऊ दिवसाच्या लेकराले कोनी इतकं दाबते का?

सावकाश. श्वास सुटते तवा दाबाचं,
येते तवा सैल.
गाठ पहिले गोटा असते, मंग ओली सुपारी,
मंग एकाएकी कान गरम होते,
डोयातून पानी येते, दुःख काही नसते त्यात.
येत असन तं येऊ द्याचं.

भिंतीचा रंग तेवढ्या जागी निघाला.
मांगून कोयशाची रेघ दिसते, एक, तेही अर्धी.
कोनाची होती कोनास ठाऊक.
सून म्हने, "परत रंग मारू का?"
राहू दे म्हनलं.

काल शेजारची दुर्पता आली.
कापूस येचून मान धरली तिची.
"काकू, ते लाकूड दोन दिवस..."
लाटनं मागतलं असतं तं देल्लं असतं.
साखर, खुरपं, कुकर, काहीही.
लाकूड मुकाट्यानं पदराखाली घेतलं.
म्हनलं, बस अथी.
पाठ कर इकडं.