मेला तो पडद्यावरचा

पाससुद्धा माझा नव्हता. ऑफिसातल्या तोरस्कर मॅडमचा,
त्यांच्याकडे ऐनवेळी पाहुणे आले.
"जा हो, परदेशी सिनेमा आहे,
दोन तास एसी तरी खा."

दसरा चौकाजवळचा हॉल. मागून तिसरी रांग, भिंतीकडेला,
नखांत मोल्डिंगची काळी वाळू तशीच.

पडद्यावर दोघं. मिठागरावर कामाला.
भाषा कुठली देव जाणे, खाली इंग्रजी पाट्या,
मी अर्धी वाचेपर्यंत पुसल्या जायच्या.
मग वाचायचं सोडलं. हात बघत बसलो.
एकाच्या तळव्याला मिठानं चिरा पडलेल्या,
दुसरा त्यांत तेल भरत होता, अंगठ्यानं, सावकाश,
आणि बोलत होता बहुतेक होडीच्या भाड्याबद्दल.

एवढंच.
आणि माझ्या पोटात कुणीतरी लॅडल उपडी केली.

सव्वीस वर्षं फौंड्रीत काढली.
साच्याचे दोन भाग, वरचा आणि खालचा,
मधे पोकळी. जपायची ती पोकळीच,
लोखंड नंतर येतं.
माझ्यातली कुणाच्या मापाची आहे
ते एकोणपन्नासाव्या वर्षी कळलं,
दुसऱ्याच्या पासावर.

पिराजी.
पहाटे आखाड्यात ताक, तेल, हळद ओतून
तांबडी माती कालवायचो दोघं.
माझा कान मोडला तेव्हा तो बघायला वाकला,
इतका जवळ, की मी श्वास घ्यायचा विसरलो.
वस्ताद म्हणायचे, ह्यांची जोड झ्याक लागलीय.
जोड.
सगळ्या तालमीनं तो शब्द वापरला,
कुणाच्या तोंडाला चटका बसला नाही.
त्याच्या लग्नात मी बुंदी वाढली.
त्याच्या पानात दोनदा.

शेवटी एक मेला. बुडाला की बुडवला,
नीट कळलं नाही, पाटी पुसली गेली.
दुसऱ्याला मयताच्या दारात अडवलं.
तो दाराच्या लाकडावर हात ठेवून उभा,
मघाच्याच अंगठ्याचा हात.
पुढं कॉलेजचं एक पोरगं हुंदके द्यायला लागलं,
शेजारच्यानं त्याच्या खांद्यावर हात टाकला,
दिवे लागले तरी काढला नाही.

मला रडू आलं नाही. राग आला.
का मारलासा?
एवढं तेल लावलं, एवढा वेळ हात दाखवले,
म्हातारे करायचे की दोघांना.
दाढा पाडायच्या. गुडघे धरायचे.
सिलिंडर कुणी आणायचा ह्यावरनं भांडवायचं.
रीळ संपलं होतं का तुमचं?

दारात संयोजकांनी विचारलं, कसा वाटला?
म्हटलं, फोटोग्राफी चांगली आहे.

गंगावेशीच्या कट्ट्यावर म्हशी उभ्या होत्या.
धारोष्ण ग्लास घेतला. मालनचा एक मिस्ड कॉल.
तो तसाच ठेवून खाली खाली गेलो,
प वर थांबलो. दिवाळीशिवाय न लागणारा नंबर.

"काय रं, एवढ्या रात्री? कोण गेलं का?"

गेला होता की एक.
पण तो तिकडचा.

"कोण न्हाई. तू हाईस नव्हं?"
"म्हंजे? हाय की. चारला उठायचंय धारंला."
"मग झोप."
"झोपतो."

कुणीच ठेवला नाही.
त्याच्याकडं गोठ्यात साखळी वाजली,
माझ्याकडं ग्लास विसळणाऱ्या पोराचा नळ.
मोबाइल कानाला तापत गेला,
त्या मोडलेल्याच कानाला.