काचेबाहेरचा काटा

हुजरात पुलाच्या अलीकडे
बाबूलाल कुशवाहाने बॉनेट उघडलं
आणि मी आणलेली लांब नळी
माझ्याच हातात परत दिली.
"पेट्रोल आत नाही आणायचं, दीदी.
मीटर बाहेर राहील."

तेव्हापासून काटा वायपरच्या मुळाशी बसतो,
काचेपलीकडून माझ्याकडे बघत.
गळलंच, तर उघड्यावर गळेल.
मांडीवर नाही.

पहाडगढ सोडलं की बीहड.
मे महिना. तिसऱ्या चढावर
इंजिनाला उचकी लागते,
काटा चाळिसावरून तिशीत,
मग तिशीतही ठरत नाही.

किल्ली बंद.
चॅसिसखाली सरपटत जाऊन
पंपावर ओलं फडकं टाकते
आणि मातीच्या कड्याला पाठ लावून बसते.
कुठे टिटवी ओरडते. घाई कुणालाच नाही.

अप्पांचा राग आमच्या घरात
थेट स्वयंपाकघरापर्यंत यायचा,
ताटापर्यंत.
तो किती चढलाय
हे आम्हाला भाजल्यावरच कळायचं.
मध्ये काच बसवावी
असं सांगणारा बाबूलाल
आमच्या गल्लीत नव्हता.

वीस मिनिटांनी किल्ली फिरवते.
पंप गुणगुणतो, काटा उठतो,
थरथरतो, चाळिसाला टेकतो.

धूळ फार बसलीय काचेवर.
उतरून आधी ती पुसते.