किल्ली माझ्याकडे आहे

मतदान फोनवरच झालं.
पाच विरुद्ध चार.
शनिवारपासून बोचासचं मैदान उघडायचं,
असं एल्बिओने सगळ्यांना कळवलं
आणि मला वेगळा फोन करून विचारलं,
"किल्ली तुझ्याकडेच आहे ना?"

माझ्याकडेच आहे.
गेली एकोणीस वर्षं.
करंगळीएवढी, पितळेची,
मार्चपासून साखरेच्या डब्यामागे.
मी पाचांतला की चारांतला
ते डेल्मिराला सांगितलेलं नाही.

तिची छाती पहिल्यापासून नाजूक.
रात्री श्वासात एक बारीक शिट्टी वाजते.
लग्न झालं तेव्हा मला वाटायचं,
उरुग्वे नदीवर कुठेतरी
पलीकडे जाणारी बोट सुटते आहे.
आता त्या शिट्टीसाठी जागा असतो,
आणि ती थांबली
की जास्तच जागा होतो.

शनिवारी नऊला काय होईल, मला पाठ आहे.
एल्बिओ काखेत थर्मास धरून येईल,
तुंब्यात हिरवा चुरा भरेल, पाणी ओतेल,
पहिला कडू घोट स्वतः घेईल
आणि तीच नळी उजवीकडच्याला देईल.
चाळीस वर्षं आम्ही एका नळीने प्यायलो.
कुणाचं पडसं कुणाला लागलं
याची वही कुणी ठेवली नाही.
आता निबियाने गेटावर पाटी लावली आहे:
ज्याचा तुंबा त्याने आणावा.
ती वाचून जेवढं एकटं वाटलं
तेवढं चार महिने घरात बसून वाटलं नव्हतं.

आणि ओलेगारिओ.
अंतर मोजायची दोरी त्याच्याकडे असायची.
कुणाचा गोळा जवळचा यावर भांडण पेटलं
की तो गुडघे टेकून, जीभ दातांत धरून मोजायचा.
नखाएवढा फरक, पण त्याचा शब्द शेवटचा.
त्याला पुरलं तेव्हा आम्ही आठजण होतो,
दोन-दोन मीटरवर उभे.
माझ्या मनात आलं, हे अंतर बरोबर आहे का?
आता मोजणार कोण?

तो या आजाराने गेला नाही.
हृदयाने गेला.
दुपारी, घरात, एकटा,
ज्या वेळी तो रोज मैदानावर असायचा त्या वेळी.
"हेही मोज," एल्बिओ म्हणतो.
मी मोजतो.
एका टोकाला तो, दुसऱ्या टोकाला डेल्मिराची शिट्टी.
दोरी पुरत नाही.

आज संध्याकाळी गेलो होतो,
खिशात शिलाईयंत्राच्या तेलाची बाटली घेऊन.
कुलूप दुसऱ्याच थेंबाला सुटलं,
जणू वाटच पाहत होतं.
गुणफलकावर पक्ष्याने मातीचं घर बांधलंय,
आमच्या सहाच्या आकड्यावर.
फळ्यांच्या कडेने गवत.
एक गोळा उचलला, गार होता, जड होता,
हात त्याला विसरला नव्हता.
टाकला.
वाळूवरून जाताना त्याचा तो आवाज,
म्हातारं कुत्रं कूस बदलतं तसा.
कुणीच "आखूड पडला!" म्हणून ओरडलं नाही.
आखूडच पडला होता.

घरी आलो.
डेल्मिराने विचारलं, "उघडतंय?"
"कुलूप गंजलंय," मी म्हणालो.
तिने माझ्या बोटांचा वास घेतला,
पँटच्या गुडघ्यावरची वाळू झटकली,
आणि काही न बोलता वरच्या फळीवरून
तिच्या माहेरचा तुंबा काढला,
काठाला तडा गेलेला, चांदीचा पट्टा काळवंडलेला.
माझ्या पिशवीत ठेवला.

"गेटाबाहेर खुर्ची टाक," ती म्हणाली,
"आणि तिथूनच ओरडून बोल.
नाहीतरी तुम्ही सगळे बहिरेच."

मग दिवा घालवून झोपली.
की झोपल्यासारखं केलं.
शिट्टी चालू आहे.
किल्ली पुन्हा डब्यामागे ठेवली नाही,
गेटावरही नेली नाही.
ती माझ्या मुठीत गरम झाली आहे.
नऊ वाजायला अजून दहा तास आहेत.