घ्यायला कोण येणार

हर्नियाचं ऑपरेशन, छोटंसं.
सकाळी जायचं, संध्याकाळी घरी.
नर्स कोट्टायमची. कागदावर एकेका ओळीखाली
रेघ मारत सांगत होती:
रात्री बारानंतर काही नाही, पाणीसुद्धा नाही.
अंगावर धातू नको.
चोवीस तास गाडी चालवायची नाही.
आणि घ्यायला कोणीतरी पाहिजे,
एकट्याला सोडत नाही आम्ही.
नाव. नंबर. नातं.
मी म्हटलं, उद्या भरून आणतो.

एकोणीस वर्षं सोहारात शाळेची बस चालवतोय.
केजीचं पोर, दारात कोणी उभं नसेल
तर उतरवायचं नाही, हा नियम.
एकदा एका मुलीला घेऊन
किनाऱ्याच्या रस्त्यानं तासभर फिरत राहिलो,
आई ड्यूटीवर अडकलेली.
रिकाम्या बसमधून तिनं विचारलं,
अंकल, तुम्हाला घ्यायला कोण येतं?
मी हसलो. एसी थोडा वाढवला.

अंगठी निघेना.
साबण झाला, तेल झालं,
बोट लाल, अंगठी तिथंच.
खालच्या सलूनमधल्या शाहदादनं
गालांवरची लव काढायचा दोरा घेतला,
बोटाला घट्ट गुंडाळत नेला
आणि उलटा सोडवत आणला.
फिरत फिरत आली बाहेर, चवलीएवढी.
खाली पांढरी खाच,
एकवीस वर्षांत ऊन न लागलेली.
पैसे नको म्हणाला.
मग विचारलं, उद्या पहाटे येशील का?
दुकान? बंद ठेवतो, म्हणाला,
आणि झाडू घेऊन केस गोळा करायला लागला.

नाव लिहिलं, नंबर लिहिला.
नात्यापाशी न्हावी लिहिलं, खोडलं.
मित्र म्हणावं, तर इतक्या वर्षांत
एका ताटलीत जेवलेलो नाही कधी.
कोरं ठेवलं.

बसची चावी आलमला दिली.
तिसरा गियर अडतो, जोर करू नकोस.
सात नंबरच्या घरी हॉर्न नको, बाळ झोपलेलं असतं.
जुळ्यांना एका सीटवर बसवू नकोस.
अजून काहीतरी सांगायचं होतं,
तो निघून गेल्यावर आठवलं.

रात्री देवरुखहून कुंदाचा फोन.
जेवलात का?
जेवलो. उद्या उपास आहे.
कसला? संकष्टी तर परवाच झाली.
असाच.
ती जरा थांबली. बरंय, म्हणाली,
देव आठवला म्हणायचा.
मीही जरा थांबलो.
मग छपराच्या पत्र्यांचं बोललो, किती लागतील, कधी येतील.

बाराला दहा कमी असताना
नळाखाली धरून दोन ग्लास पाणी प्यायलो,
तहान नव्हती तरी.
नखं कापली. सैल नाडीचा पायजमा काढून ठेवला.
परतल्यावर खायला तांदळाची पेज करून
फ्रिजमध्ये ठेवली, वर ताटली झाकली.
भिंतीपलीकडे कोणाचा तरी टीव्ही
अरबीत काही विकत होता.

पहाटे पाचला शाहदादची पांढरी कोरोला.
सवयीनं डाव्या दाराशी जाऊन उभा राहिलो.
तो आतून हसला, बोटानं पलीकडे दाखवलं.
मी वळसा घालून गेलो.
मांडीवर फाईल, खिशात रुमालात बांधलेली अंगठी.
राउंडअबाउटला तो जरा जोरात शिरला,
माझा उजवा पाय मॅटवर दाबला गेला,
एकदा, परत एकदा.
उस्ताद, तो म्हणाला, ब्रेक इधर है.
समुद्राकडून धुकं येत होतं.
पहिली बस एव्हाना निघाली असेल.
आठवलं काय सांगायचं राहिलं ते:
शेवटची सीट वाकून बघ,
कोणीतरी झोपलेलं असतं.