उपाशी ठेवायची वेळ

सातपूरला, प्रेसशॉपच्या ठणठणाटामागे
आमची पत्र्याची शेड.
टाकी साठ लिटरची.
आत दिंडोरीच्या वायनरीतून आणलेल्या
द्राक्षाच्या चोथ्याचं गाळीव पाणी,
आणि त्यात त्या,
मोजायला जावं तर शून्यं लिहून हात दुखतो.

पहिले बारा-चौदा तास लाड.
साखर, हवा, मीठ, नखभर लोखंड.
मग रात्री दोनला अमोनियाची नळी बंद.
बोरस्ते मॅडमनी वहीत लिहून ठेवलंय :
आता उपाशी ठेव.
उपाशी म्हणजे साखर पोटभर,
पण अंग वाढवायला लागतं ते मात्र कणभर नाही.
अशा वेळी वाढता येत नाही.
साठवता येतं.

ही युक्ती त्यांची नव्हे.
मातीतल्या दुसऱ्याच एका जंतूची.
त्याची तीन वाक्यं उचलून
आम्ही यांच्या पोथीत चिकटवली,
आणि यांनी ती वाचली,
अर्थ न विचारता.

रंग घालून सूक्ष्मदर्शकाखाली धरलं
की प्रत्येकीच्या पोटात केशरी दाणे,
फुटायला आलेल्या डाळिंबासारखे दाटीने.
'हेच ते प्लास्टिक,' मी म्हटलं.
ऑपरेटर रियाज पिंजारी डोळा न काढता म्हणाला,
'म्हणजे चरबीच की.'
चरबीच.

सोमवारची बॅच विसरली.
होतं तसं. औषध कमी पडलं
की एखादी ती तीन वाक्यं टाकून देते,
हलकी होते, भराभर दुणावते,
सकाळी टाकीभर तिचीच लेकरं.
दाणा नाही एक. नुसता फेस,
झाकणातून उतू जाऊन फरशीवर.

मला राग यायला हवा होता.
सहाशे रुपयांचं औषध, तीन रात्री,
मॅडमचा पुण्याला द्यायचा अहवाल.
मी गुडघ्यावर बसून फेस पुसत होते
आणि ओझं खाली ठेवून पुढे गेलेलीला
काय नाव ठेवायचं
ते काही सुचेना.

मग उणे ऐंशीतून जुनी कुपी काढली,
घरी विरजण बिघडलं
की खैरनारकाकूंकडे वाटी घेऊन जातो तशी.
पुन्हा साखर. पुन्हा लाड.
पुन्हा रात्री दोन.

आणि हे सांगायचं राहिलं :
पहिल्या चांगल्या बॅचची एक पट्टी,
पापुद्र्याएवढी पातळ,
मी मोहाडीला मामाच्या बागेत पुरली होती,
वेलीच्या बुडाशी, ठिबकच्या थेंबाखाली.
साडेतीन महिन्यांनी उकरली.
हातभर खणलं, चाळणीने चाळलं.
कुठे काही नाही.
ज्यांची ती तीन वाक्यं होती
त्यांच्याच कुणा भाऊबंदांनी
आपलं साठवलेलं आपण खाल्लं असेल.

फक्त जागा सापडावी म्हणून
मीच बांधलेला नायलॉनचा दोरा,
निळा,
होता तसा.
गाठसुद्धा सुटली नव्हती.